मॉर्फिनने कर्करोगाची गाठ वाढते का? वडिलांच्या गोळ्या कमी करणाऱ्या मुलाला उत्तर

परभणी जिल्ह्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, त्यांच्या वडिलांना गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग असून ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही झाल्यावर तो जबड्यात पुन्हा उद्भवला आहे. वेदनेसाठी दर चार तासांनी १० मिलिग्रॅम मॉर्फिनची गोळी सुरू आहे. मात्र अफूपासून बनणाऱ्या औषधांनी कर्करोगाच्या पेशी वाढतात, असे त्यांच्या वाचनात आले, आणि भावकीतल्या एका जाणत्या गृहस्थांनीही ‘अफूच ती, गाठीला खतपाणी घालताय’ असे सुनावल्यामुळे त्यांनी आठवड्यापासून दिवसाच्या गोळ्या बंद करून फक्त रात्रीची ठेवली आहे. वडील दिवसभर उपरण्याचा बोळा गालाशी धरून बसतात, दुधात कुस्करलेली भाकरीही घशाखाली उतरत नाही आणि ‘दुखतंय का’ विचारले तर मान हलवून नाही म्हणतात, असेही त्यांनी लिहिले आहे. केले ते बरोबर की चूक, हा त्यांचा प्रश्न आहे.

सर, उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. गोळ्या कमी करण्याचे काही कारण नव्हते. दिवसाच्या गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या, हे ज्यांनी त्या लिहून दिल्या त्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. मधल्या काळात शरीराची सवय थोडी मोडलेली असते, त्यामुळे सुरुवात कोणत्या मात्रेने करायची हे त्यांनीच ठरवावे. आपण जे वाचले ती मात्र निव्वळ थाप नाही. त्यामागे गेल्या दोन-अडीच दशकांचे खरे संशोधन आहे. ते अर्धे वाचले की भीती वाटते. पुढचे अर्धे मराठीत सहसा कोणी सांगत नाही, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन ही सगळी ओपिऑइड गटातील औषधे आहेत. ती प्रामुख्याने पेशींवरील ‘म्यू’ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे औषध जिथे चिकटते त्या जागेला, चिकटून काम करतात. हे रिसेप्टर मेंदूत आणि मज्जारज्जूत असतात, म्हणून वेदना कमी होते. आतड्यातही असतात, म्हणून शौचाला खडा होतो. पण ते तेवढ्यावर थांबत नाहीत. प्रतिकारशक्तीच्या काही पेशींवर, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर आणि फुप्फुसाच्या कर्करोगासारख्या काही गाठींच्या पेशींवरही ते आढळले आहेत. जिथे रिसेप्टर आहे तिथे औषधाचा काहीतरी परिणाम होणारच, या सरळ तर्कातून संशोधकांच्या मनात शंका आली.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशी उंदरांमध्ये वाढवून त्यांना रुग्णांना देतात त्या प्रमाणाशी मिळतेजुळते मॉर्फिन दिले, तेव्हा गाठीत नव्या रक्तवाहिन्या अधिक फुटल्या आणि गाठ अधिक वाढली. गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा उभारल्याशिवाय ठरावीक आकारापलीकडे वाढता येत नाही, म्हणून या निष्कर्षाला वजन आले. पुढे शिकागो येथील संशोधकांनी दाखवले की, ज्या उंदरांमध्ये जन्मतःच म्यू रिसेप्टर नाही, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या विशिष्ट पेशी टोचल्या तर गाठी नीट धरत नाहीत. शिवाय मॉर्फिन नॅचरल किलर पेशींचे काम मंदावते, हे अनेक प्रयोगशाळांत दिसले होते. या पेशी रक्तात भटकणाऱ्या कर्करोगाच्या पेशी टिपून मारतात. रक्तवाहिन्या वाढणे, पहारेकरी पेशी सुस्तावणे आणि गाठीच्या पेशींना थेट वाढीचा इशारा मिळणे, अशा तीन वाटांनी हानी संभवते, असे चित्र त्यातून तयार झाले. आपल्या वाचनात आले ते हेच.

आता त्याच प्रयोगशाळांतील दुसरी बाजू. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर मॉर्फिन टाकले, तर कित्येक प्रयोगांत त्या वाढण्याऐवजी मेल्या आहेत. कोणत्या पेशी घेतल्या, किती औषध टाकले आणि किती वेळ ठेवले यावर निकाल पालटतो. यात औषधाच्या प्रमाणाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बशीतल्या प्रयोगांत दर लिटरला १० मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक मॉर्फिन वापरलेले पुष्कळदा आढळते. १ मायक्रोमोल म्हणजे दर मिलिलिटरला सुमारे २८५ नॅनोग्रॅम, तेव्हा १० मायक्रोमोल म्हणजे अडीच हजारांहून अधिक. आपल्या वडिलांइतकी मात्रा तोंडाने घेणाऱ्या माणसाच्या रक्तात हेच प्रमाण सहसा दोन आकडी संख्येत राहते. शंभरपट दाट द्रावणात पेशींचे जे झाले, तेच घरी गोळी घेणाऱ्या माणसात होईल असे मानायला आधार नाही, मग तो निकाल गाठ वाढल्याचा असो की पेशी मेल्याचा. मॉर्फिन कर्करोग मारते असा उलटा प्रचारही अधूनमधून होतो. त्याचीही योग्यता तेवढीच.

प्राण्यांवरील प्रयोगांतली दुसरी अडचण त्याहून खोल आहे. अनेक प्रयोगांत ज्या उंदरांना मॉर्फिन दिले ते वेदनेत नव्हते. रुग्णाला मॉर्फिन दिले जाते ते वेदना आहे म्हणून, आणि वेदना ही स्वतः शरीरावर ताण आणणारी अवस्था आहे. असह्य दुखण्यात कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनलिनसारखी संप्रेरके वाढतात आणि त्यांनीही नॅचरल किलर पेशी मंदावतात. हा फरक ओळखून पेज, बेन-एलियाहू आणि लीबेस्काइंड या संशोधकांनी उंदराच्या मोठ्या जातीतील प्राण्यांवर, म्हणजे घुशीसारख्या दिसणाऱ्या रॅटवर, पोटाचे ऑपरेशन केले आणि कर्करोगाच्या पेशी टोचल्या. ऑपरेशनमुळे फुप्फुसात कर्करोगाचा फैलाव वाढला. पण ऑपरेशनच्या वेळी ज्यांना मॉर्फिन दिले त्यांच्यात ही वाढ कमी झाली. १९९३ साली प्रसिद्ध झालेले हे काम गाठीला खतपाणी घालणाऱ्या मॉर्फिनच्या बातम्यांत क्वचितच भेटते. माझ्या मते आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचा प्राणी-प्रयोग हाच आहे, कारण त्यात दुखणारे शरीर आणि औषध ही दोन्ही एकत्र तपासली गेली.

माणसांकडे वळू. २००६ साली डब्लिनहून १२९ स्तनकर्करुग्ण स्त्रियांच्या जुन्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना ऑपरेशनच्या वेळी पाठीच्या कण्याशेजारी भूल देऊन मॉर्फिनची गरज कमी ठेवली होती, त्यांच्यापैकी तीन वर्षांनी ९४ टक्के रोगमुक्त होत्या, तर नेहमीची पूर्ण भूल आणि मॉर्फिन मिळालेल्यांमध्ये ७७ टक्के. फरक डोळ्यांत भरणारा होता आणि आम्हा भूलतज्ज्ञांमध्ये त्यावर बरीच वर्षे खल चालला. पण जुन्या नोंदींवरचा अभ्यास शंका उभी करतो, निकाल देत नाही. निकालासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून मोठी चाचणी घ्यावी लागते. ती अनेक देशांतील १३ रुग्णालयांत झाली आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. स्तनकर्करोगाच्या २,१०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना कण्याशेजारची भूल व प्रोपोफॉल हे शिरेतून देण्याचे भुलीचे औषध, आणि उरलेल्यांना वायुरूप भूल व ओपिऑइड देण्यात आले. दोन्ही गटांत रोग परतण्याचे प्रमाण सुमारे १० टक्केच निघाले. डब्लिनची आशा, आणि तिच्या पोटातली मॉर्फिनची भीती, दोन्ही या चाचणीत टिकल्या नाहीत.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या औषधांची सरकारी नोंद असते. तिचा आधार घेऊन स्तनकर्करोगाच्या ३४ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ओपिऑइड घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांत रोग परतण्याच्या बाबतीत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. ही आकडेवारी स्तनकर्करोगाची आहे, तोंडाच्या कर्करोगाची नाही, हे मी लपवत नाही. प्रत्येक कर्करोगाचा स्वभाव निराळा असतो आणि काही विशिष्ट प्रकारांत मतभेद अजून चालू आहेत. पण ‘ओपिऑइड म्हणजे गाठीला खत’ हा नियम खरा असता, तर इतक्या मोठ्या संख्येत त्याची काहीतरी खूण उमटायलाच हवी होती.

मग अधिक मॉर्फिन घेणारे रुग्ण लवकर जातात, असे दाखवणारे अभ्यास कसे निघतात? आपल्याकडे ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर जास्त फिरतात, तिथे पाण्याचे हाल जास्त असतात. म्हणून टँकरने दुष्काळ आणला असे बीड-लातूरचा माणूस म्हणणार नाही. गाठ हाडात किंवा नसेत शिरली की वेदना वाढते, वेदना वाढली की मॉर्फिनची मात्रा वाढते आणि त्या गाठीमुळेच आयुष्यही उणे होते. नोंदी पाहणाऱ्याला औषध आणि मृत्यू शेजारी-शेजारी दिसतात, मधली गाठ मोजणे अवघड असते. प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या नव्या इम्युनोथेरपीच्या रुग्णांतही ओपिऑइड घेणाऱ्यांचा निकाल वाईट दिसल्याचे अहवाल आले आहेत. तिथे हीच अडचण आहे आणि प्रश्न अद्याप खुला आहे. वडिलांना अशी इंजेक्शने चालू असतील तर ती देणारे आणि मॉर्फिन देणारे अशा दोन्ही डॉक्टरांना परस्परांच्या औषधांची यादी दाखवावी. त्यासाठी मॉर्फिन आपणहून सोडू नये.

आपल्या राज्यातल्या एका चाचणीचा चुकीचा अर्थ लावलेला मी ऐकला आहे, म्हणून तिचाही उल्लेख करतो. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातील ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्तनकर्करुग्ण स्त्रियांची चाचणी घेतली. निम्म्या स्त्रियांना गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन टोचले. दाताच्या डॉक्टरांकडे हिरडीत देतात तेच हे बधिरीकरणाचे औषध. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार पाच वर्षांनी लिडोकेन मिळालेल्या ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर न मिळालेल्या ८६.४ टक्के. इतक्या स्वस्त औषधाने एवढा फरक पडावा, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यातून ‘म्हणजे मॉर्फिन घातक’ असा अर्थ निघत नाही. तिथे तुलना लिडोकेन टोचण्याची आणि न टोचण्याची होती, मॉर्फिनशी नव्हती. ती ऑपरेशनच्या त्या काही मिनिटांपुरती आहे, जेव्हा गाठीला हात लागल्याने पेशी सुटण्याचा धोका असतो. आपल्या वडिलांच्या आजच्या दुखण्याशी तिचा संबंध नाही.

अजून एक वाट इंटरनेटवर दाखवली जाते, आणि तिथे मला स्पष्ट सावध करायचे आहे. म्यू रिसेप्टर बंद केला तर गाठ रोखली जाईल, या कल्पनेतून मिथाइलनाल्ट्रेक्सोन या औषधाचा अभ्यास झाला. हे औषध मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे वेदनाशमन कायम राहते, आणि मुळात ते मॉर्फिनमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठासाठी आहे. काही जुन्या चाचण्यांच्या फेरतपासणीत, ज्या कर्करुग्णांचे पोट या औषधाने साफ झाले ते काहीसे अधिक जगल्याचे दिसले, पण ते अनुमान आहे, सिद्ध उपचार नव्हे. नावात साधर्म्य असलेले नाल्ट्रेक्सोन हे वेगळे औषध आहे. ते मेंदूत शिरते. ‘कमी मात्रेत घ्या, कर्करोग आटोक्यात येतो’ असा त्याचा प्रचार चालतो. मॉर्फिनवर असलेल्या रुग्णाला ते दिले तर वेदना एकदम उसळते, घाम, उलट्या, थरथर सुरू होते. ते वडिलांना कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नका.

आता वेदनेच्या बाजूचा हिशेब. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर सुरुवातीपासून उपशामक उपचार, म्हणजे वेदना, दम, झोप, मनःस्थिती यांची नियमित देखभाल मिळाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात त्यांचे मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने, तर इतरांचे ८.९ महिने आढळले. हे केवळ मॉर्फिनचे श्रेय आहे असे मी म्हणणार नाही. त्या चाचणीत पुष्कळ गोष्टी एकत्र होत्या. परंतु वेदना नीट आवरल्याने माणूस लवकर जातो, या समजाला तिथे कुठेच जागा मिळत नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत तर हिशेब याहून सोपा आहे. तोंडाच्या कर्करोगात माणूस खचतो तो मुख्यतः खाणे-पिणे आणि झोप तुटल्याने. आठवडाभर दुखण्यामुळे भाकरी सुटली तर वजन उतरते, अशक्तपणाने पुढची केमोथेरपी लांबते, आणि हे नुकसान प्रयोगशाळेतल्या तर्काचे नाही, काट्यावर दिसणारे आहे. ते ‘दुखत नाही’ म्हणतात त्यावर विसंबू नका. आपल्याकडची जुनी माणसे मुलाच्या डोळ्यांदेखत दुखणे बोलून दाखवत नाहीत. उपरण्याचा बोळा हातात किती वेळ राहतो ते पाहा.

गोळ्यांविषयी काही बारकावे. तोंड उघडत नसेल तर मॉर्फिनची साधी १० मिलिग्रॅमची गोळी कुटून चमचाभर पाण्यात विरघळवून देता येते. नाकातून नळी असेल तर त्यातूनही देता येते. बारा तास चालणारी लांब असराची गोळी मात्र कधीही कुटू नये, कारण सगळी मात्रा एकदम अंगात जाते. दुखल्यावर गोळी, असे करू नका. घड्याळाप्रमाणे द्या, आणि मध्येच कळ उसळली तर किती जादा घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होते, मग उतरते. बद्धकोष्ठ मात्र उतरत नाही; त्यासाठी बिसाकोडिल किंवा लॅक्टुलोज मॉर्फिन चालू असेपर्यंत रोज लागते. निम्मे रुग्ण मॉर्फिन सोडतात ते कर्करोगाच्या भीतीने नव्हे, शौचाच्या त्रासाने, असा माझा अंदाज आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिनचे अवशेष अंगात साठून झोप अतोनात वाढते. म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, आणि हाक मारूनही वडील जागे होत नसतील किंवा श्वास फार मंद वाटला तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठा.

मॉर्फिनची मात्रा कमी ठेवावी अशी आपली इच्छा असेल, तर त्याचा रास्त मार्गही आहे. जबड्यातली कळ कानात, डोक्यात विजेसारखी जात असेल तर ती नसेची वेदना असते. तिला गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनची जोड दिली की मॉर्फिन कमी पुरते. जखमेत पू आणि वास असेल तर मेट्रोनिडाझोलने दोन्ही कमी होतात, आणि जंतुसंसर्ग ओसरला की दुखणेही उतरते. काही रुग्णांत चेहऱ्याच्या नसेत इंजेक्शन देऊन ती बधिर करता येते. यातले आपल्या वडिलांना काय लागू पडेल ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

गोळ्या मिळणे ही मराठवाड्यातली खरी अडचण आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने वर्षानुवर्षे दुकानदार आणि डॉक्टर दोघेही मॉर्फिनला हात लावत नसत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही ओपिऑइडना ‘अत्यावश्यक’ गणून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सोपे केले. तरी आजही धाराशिवची माणसे बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाकडे आणि परभणी-हिंगोलीची छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे धाव घेतात. नीमच आणि मंदसौरच्या शेतांतली अफू सरकारी कारखान्यात शुद्ध होऊन औषध बनते, जगालाही पुरवली जाते आणि आपल्याच तालुक्याच्या गावी गोळी नसते, याचे मला नेहमी वैषम्य वाटते. म्हणून गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी निघा. मॉर्फिन एकाएकी तुटले तर त्याचाही त्रास होतो. डबा कुलपात ठेवा, कोणाला त्यातली एकही देऊ नका आणि उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत करा. वडिलांना व्यसन लागेल ही चिंता नको. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्या कर्करुग्णात ते क्वचितच होते.

पुढच्या भेटीपर्यंत एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: गोळी कोणत्या वेळी दिली, दहापैकी किती दुखले, काय खाल्ले आणि शौच झाली का. दुखण्याचा आकडा आपण ठरवू नका, वडिलांनाच बोटे दाखवायला सांगा. ही वही आणि जुने सगळे रिपोर्ट घेऊन त्यांना सोबत आणा. मात्रा वाढवायची, औषध बदलायचे की नसेचे इंजेक्शन द्यायचे, हे त्यावरून ठरवता येईल.